सिक्युअर बूट अडले, तर आधी काय तपासावे?

विंडोज ११ घालायला घेतलेल्या संगणकावर बरेचदा एक निरोप झळकतो: या यंत्रात सिक्युअर बूटची सोय हवी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला आणि हा निरोप शाळांच्या संगणक कक्षांपासून झेरॉक्सच्या दुकानांपर्यंत सगळीकडे दिसू लागला. व्हॅलोरंट किंवा बॅटलफील्ड ६ खेळणाऱ्या मुलांना तो आणखी वेगळ्या वाटेने भेटतो. विंडोज ११ची अट यंत्रात सोय असण्याची आहे. हे खेळ मात्र ती चालू असल्याशिवाय उघडत नाहीत.

मग कुणीतरी सल्ला देते, "बायोसमध्ये जाऊन एनेबल कर." केल्यावर कधी पडदा काळाच राहतो, कधी बूट डिव्हाइस सापडत नाही, तर कधी बायोसमध्ये 'एनेबल्ड' दिसत असूनही विंडोज 'ऑफ' म्हणते. शेवटी दुसरा सल्ला येतो, "जाऊ दे, बंदच ठेव." संगणक चालू होतो आणि विषय तिथेच मिटतो.

तो तसा मिटू नये, असे मला मनापासून वाटते. सिक्युअर बूटच्या तक्रारींमध्ये यंत्र खरोखर बिघडलेले क्वचितच असते. एकमेकांवर अवलंबून असलेल्या पाच-सहा गोष्टींपैकी एखादी जागेवर नसते, एवढेच. त्या गोष्टींचा क्रम कळला, तर अडलेली जागा नेमकी सापडते आणि सेटिंग अंदाजाने फिरवावी लागत नाहीत.

नेमके काय तपासले जाते?

पॉवरचे बटण दाबल्यावर सर्वांत आधी मदरबोर्डवरच्या एका छोट्या फ्लॅश चिपमधला प्रोग्रॅम चालतो. तोच फर्मवेअर. तो रॅम, कीबोर्ड, डिस्क जागे करतो आणि मग विंडोज किंवा लिनक्सच्या बूटलोडरच्या हाती कारभार सोपवतो. १९८१च्या आयबीएम पीसीबरोबर आलेल्या बायोसच्या पद्धतीत डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचायचा आणि तिथला कोड चालवायचा, एवढेच होते. तो कोड कुणी लिहिला, वाटेत कुणी बदलला का, याची विचारपूस नव्हती. १९८६ साली लाहोरमधल्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये जाऊन बसला, तो याच मोकळ्या वाटेने. तिथे बसलेला व्हायरस ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी जागा होतो. म्हणून अँटिव्हायरसलाही तो हवे तेच दाखवू शकतो.

बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआय या पद्धतीची मुळे इंटेलच्या १९९०च्या दशकाअखेरच्या कामात आहेत. २००५पासून तिचे नियम यूईएफआय फोरम ठरवते. २०११ साली आलेल्या २.३.१ या आवृत्तीत सिक्युअर बूटची चौकट पक्की झाली आणि ऑक्टोबर २०१२मध्ये विंडोज ८ बरोबर ती बाजारातल्या संगणकांवर पोचली. बँकेत चेक वटवण्याआधी सही नमुन्याच्या सहीशी ताडून पाहतात, तसे इथे फर्मवेअर बूटलोडरची डिजिटल सही आपल्याकडच्या प्रमाणपत्रांशी ताडून पाहते. सही जुळली तरच कोड चालतो.

ही ताडणी चार नोंदींवर चालते आणि पुढच्या अनेक अडचणी या चौघींपाशीच येऊन थांबतात. सर्वांत वर प्लॅटफॉर्म की, म्हणजे पीके. ती सहसा मदरबोर्ड किंवा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीची असते. तिच्याखाली की एक्स्चेंज की, म्हणजे केईके. खालच्या दोन याद्या बदलण्याचा अधिकार तिच्याकडे असतो. डीबी ही मान्य सह्यांची यादी आणि डीबीएक्स ही बाद केलेल्यांची. डीबीमध्ये बहुतेक संगणकांवर मायक्रोसॉफ्टची दोन प्रकारची प्रमाणपत्रे असतात. एक खुद्द विंडोजच्या बूटलोडरसाठी आणि दुसरे इतरांसाठी. लिनक्सचे बूटलोडर आणि ग्राफिक्स कार्डांवरचे फर्मवेअर या दुसऱ्या प्रमाणपत्राखाली येतात.

पीके जागेवर असली की यंत्र 'यूझर मोड'मध्ये असते. ती पुसली गेली की यंत्र 'सेटअप मोड'मध्ये जाते, म्हणजे कुणीही नव्या किल्ल्या बसवू शकेल अशा उघड्या अवस्थेत. सेटअप मोडमध्ये सिक्युअर बूट लागू होत नाही. हे एक वाक्य लक्षात ठेवले तरी पुढची बरीच कोडी सुटतात.

हात लावण्याआधी

पहिले काम बायोसमध्ये शिरण्याचे नाही, विंडोजमध्ये पाहण्याचे आहे. स्टार्ट मेन्यूत 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधून उघडा. तिथे 'बायोस मोड' आणि 'सिक्युअर बूट स्टेट' अशा दोन ओळी असतात. बायोस मोड 'लेगसी' असेल, तर संगणक जुन्या पद्धतीने सुरू होतो आहे आणि खरे काम डिस्कवर आहे. तो 'यूईएफआय' असून स्टेट 'ऑफ' असेल, तर प्रश्न फक्त फर्मवेअरच्या सेटिंगचा किंवा किल्ल्यांचा आहे. या दोन ओळी न पाहता केलेला खटाटोप बहुतेक वेळा वाया जातो.

दुसरे काम बिटलॉकरचे, म्हणजे विंडोजने ड्राइव्हला घातलेल्या कुलपाचे. अनेक नव्या लॅपटॉपांवर ड्राइव्हचे एन्क्रिप्शन मालकाच्या नकळत चालू असते, कारण मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केले की ते आपोआप सुरू होऊ शकते. या कुलपाची किल्ली टीपीएम चिप सांभाळते आणि सिक्युअर बूटची स्थिती बदलली की ती किल्ली सोडायला नकार देऊ शकते. मग निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती हाताशी नसेल, तर आतला सगळा डेटा बंद. म्हणून फर्मवेअरमध्ये शिरण्याआधी ही की मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर आहे का ते पाहा, कागदावर उतरवून घ्या आणि बिटलॉकर तात्पुरते 'सस्पेंड' करा. महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. दुरुस्तीला आलेल्या दुसऱ्याच्या संगणकावर तर या दोन्ही गोष्टी केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

फर्मवेअरमध्ये जाण्याची की कंपनीगणिक वेगळी असते. बहुतेक मदरबोर्डांवर डिलीट किंवा एफ२, एचपीवर एफ१०, थिंकपॅडवर एफ१. फास्ट बूटमुळे ती दाबायला वेळच मिळत नसेल, तर विंडोजच्या सेटिंग्जमधल्या 'रिकव्हरी'खालच्या 'अॅडव्हान्स्ड स्टार्टअप'मधून थेट यूईएफआय सेटिंग्जपर्यंत जाता येते. आत गेल्यावर प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढावा. काय बदलले ते परत फिरवण्याची ती सर्वांत स्वस्त सोय आहे.

लेगसी मोड आणि सीएसएम

बायोस मोड 'लेगसी' दिसत असेल, तर कारण बहुधा हे असते: विंडोज बसवताना डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीने विभागलेली होती. यूईएफआयला विंडोज सुरू करण्यासाठी जीपीटी पद्धतीची डिस्क आणि तिच्यावर बूटलोडर ठेवायला ईएफआय नावाचे छोटे पार्टिशन लागते. जुन्या डिस्कांवरूनही संगणक चालावा म्हणून फर्मवेअरमध्ये सीएसएम नावाची एक सोय ठेवलेली असते. सीएसएम आणि सिक्युअर बूट एकत्र नांदत नाहीत, कारण सीएसएमच्या वाटेने येणाऱ्या कोडची सही तपासता येत नाही.

इथे क्रम चुकला की संगणक उघडत नाही. लोक आधी सीएसएम बंद करतात आणि मग 'बूट डिव्हाइस नाही' हा निरोप पाहून घाबरतात. डिस्क गेलेली नसते. सीएसएम पुन्हा चालू केले की विंडोज पूर्वीसारखे उघडते. योग्य क्रम उलटा आहे: आधी डिस्क जीपीटी करायची, मग सीएसएम बंद करायचे. विंडोज १०च्या २०१७ सालच्या १७०३ आवृत्तीपासून 'एमबीआर२जीपीटी' हे साधन विंडोजमध्येच येते. ते डेटा न पुसता हा बदल करते. मात्र एमबीआर डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ते नकार देते, कारण ईएफआय पार्टिशनसाठी त्याला जागा हवी असते. बदल करण्याआधी नुसती चाचणी घेण्याची सोय त्यात आहे. ती आधी वापरावी.

सीएसएम बंद केल्यावर पंखा फिरतो, दिवे लागतात, पण पडद्यावर काहीच नाही, असे झाले तर ग्राफिक्स कार्डाकडे पाहावे. २०१२च्या आसपासच्या आणि त्याआधीच्या बऱ्याच कार्डांवर यूईएफआयला समजेल असे फर्मवेअर नसते. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावून पाहावी. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सची सोय असेल तर पडदा उजळेल. तेही नसेल, तर मदरबोर्डवरची सेटिंगची नोंद पुसून, म्हणजे सीएमओएस क्लिअर करून, मूळ सेटिंग परत आणता येतात.

पर्याय करडा दिसतो

काही यंत्रांवर सिक्युअर बूटची ओळ दिसते, पण करड्या रंगात, हात न लावू देणारी. याची कारणे ठरावीक आहेत. सीएसएम किंवा लेगसी सपोर्ट चालू असेल, तर ओळ बंद राहते. काही मदरबोर्डांवर ती तोवर दिसतच नाही. एसुसच्या अनेक बोर्डांवर ही ओळ थेट बदलताच येत नाही. तिथे 'ओएस टाइप' या पर्यायात 'अदर ओएस'ऐवजी 'विंडोज यूईएफआय मोड' निवडावे लागते. एसरच्या बऱ्याच लॅपटॉपांवर आधी सुपरवायझर पासवर्ड ठेवावा लागतो, त्याशिवाय ओळ खुली होत नाही. हा पासवर्ड काम झाल्यावर काढून टाकावा, नाहीतर नीट लिहून ठेवावा. तो विसरला तर लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला न्यावा लागू शकतो.

'एनेबल्ड' आहे, पण लागू नाही

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. फर्मवेअरमध्ये 'सिक्युअर बूट: एनेबल्ड' असते आणि शेजारी किंवा खाली 'नॉट अॅक्टिव्ह'. आपली निवड नोंदली गेली, पण ती अमलात आली नाही, असा त्याचा अर्थ. पीकेची गोष्ट इथे उपयोगी पडते. किल्ल्याच बसलेल्या नाहीत आणि यंत्र सेटअप मोडमध्ये आहे. 'की मॅनेजमेंट'मध्ये जाऊन 'रिस्टोअर फॅक्टरी कीज' किंवा 'इन्स्टॉल डिफॉल्ट कीज' निवडले, सेव्ह करून यंत्र पुन्हा सुरू केले, की बहुतेकदा 'अॅक्टिव्ह' दिसते. काही बोर्डांवर मोड एकदा 'कस्टम' करून पुन्हा 'स्टँडर्ड' केला की किल्ल्या बसवू का, असे फर्मवेअरच विचारते.

याच्या अगदी उलट प्रकारही घडला आहे. जानेवारी २०२३मध्ये एका संशोधकाने दाखवून दिले, की एमएसआयच्या २९०हून अधिक मदरबोर्ड मॉडेलांवर सिक्युअर बूट चालू दिसत होते, पण सही न जुळणाऱ्या कोडचे काय करायचे, या सेटिंगमध्ये 'ऑल्वेज एक्झिक्यूट' हा पर्याय मुळातच निवडलेला होता. म्हणजे तपासणी व्हायची आणि निकाल काहीही लागला तरी कोड चालायचा. अशा बोर्डावर 'इमेज एक्झिक्यूशन पॉलिसी' उघडून 'डिनाय एक्झिक्यूट' करावे लागते.

तिसरा प्रकार जुलै २०२४मध्ये बायनार्ली या सुरक्षा संस्थेने उघड केला. त्याला 'पीकेफेल' असे नाव पडले. शेकडो मॉडेलांवर कंपन्यांनी स्वतःची पीके बसवण्याऐवजी फर्मवेअर पुरवठादाराची चाचणीची पीके तशीच ठेवली होती. त्या किल्लीच्या नावातच 'डू नॉट ट्रस्ट' असे लिहिलेले होते. की मॅनेजमेंटमध्ये पीकेच्या नावात हे शब्द दिसले, तर सेटिंग फिरवून काही होणार नाही. कंपनीने दिलेले नवे फर्मवेअरच घालावे लागेल.

लिनक्स बरोबर असेल तर

सिक्युअर बूटमुळे लिनक्स चालत नाही, हा समज जुना झाला. २०१२मध्ये मॅथ्यू गॅरेट यांनी 'शिम' हा छोटा बूटलोडर प्रसिद्ध केला. त्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते आणि पुढची तपासणी तो स्वतः करतो. उबुंटू, फेडोरा आणि २०१९च्या आवृत्ती १०पासून डेबियन हे सगळे याच वाटेने चालतात. तरी अडले, तर तीन जागा पाहाव्यात.

पहिली, 'इन्व्हॅलिड सिग्नेचर डिटेक्टेड' असा निरोप नव्या लॅपटॉपवर येणे. २०२२नंतरच्या काही थिंकपॅडसह अनेक यंत्रांवर मायक्रोसॉफ्टचे ते 'इतरांसाठीचे' प्रमाणपत्र मुळात बंद ठेवलेले असते. फर्मवेअरमध्ये 'थर्ड पार्टी सीए'ला परवानगी देणारा पर्याय असतो, तो चालू करावा. त्यासाठी सिक्युअर बूट बंद करायची गरज नाही.

दुसरी, एनव्हिडियाचा ड्रायव्हर किंवा व्हर्च्युअलबॉक्सचे मोड्यूल न चालणे. यांची सही आपल्याच संगणकावर तयार केलेल्या किल्लीने होते आणि ती किल्ली 'मशीन ओनर की' म्हणून नोंदवावी लागते. पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना निळा पडदा येतो, त्यावर 'एन्रोल एमओके' निवडून आधी ठरवलेला पासवर्ड द्यायचा असतो. हा पडदा काही सेकंदच थांबतो. तो हातून निसटला की ड्रायव्हर बंदच राहतो आणि लोक दोष सिक्युअर बूटला देतात.

तिसरी, ऑगस्ट २०२४मधली. जुने, धोकादायक ठरलेले बूटलोडर 'एसबॅट' या पद्धतीने बाद करण्यासाठी विंडोजचे एक अपडेट आले आणि दोन्ही सिस्टिम असलेल्या अनेक संगणकांवर लिनक्स सुरू होताना 'एसबॅट सेल्फ चेक फेल्ड' असा निरोप देऊन यंत्र थांबू लागले. त्यावरचा उपाय असा होता: सिक्युअर बूट तात्पुरते बंद करायचे, लिनक्समध्ये जाऊन एसबॅटची नवी नोंद काढायची, शिम अद्ययावत करायचा आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू करायचे. त्यातली शेवटची पायरी अनेकांनी केलीच नाही.

बाद यादी आणि २०२६

बाद यादीची एवढी काळजी का घ्यावी लागते? मार्च २०२३मध्ये ईसेट या कंपनीने 'ब्लॅकलोटस' या मालवेअरचा अभ्यास मांडला. अद्ययावत विंडोज ११ असलेल्या, सिक्युअर बूट चालू असलेल्या संगणकावरही ते शिरत होते. ज्या त्रुटीचा ते फायदा घेत होते ती जानेवारी २०२२मध्येच दुरुस्त झाली होती. पण त्रुटी असलेले जुने बूटलोडर सहीसकट मान्य यादीतच होते आणि बाद यादीत गेलेले नव्हते. ब्लॅकलोटस त्याच जुन्या फाइली बरोबर आणत असे. म्हणजे सही खरी असूनही कोड धोक्याचा असू शकतो आणि डीबीएक्स ताजी असल्याशिवाय सिक्युअर बूट अर्धेच राहते. पण फर्मवेअरमधली जागा तोकडी आहे. २०२०मध्ये बूटलोडरमधल्या 'बूटहोल' या त्रुटीच्या प्रकरणात बाद फाइलींच्या नोंदींनी ३२ किलोबाइटपैकी सुमारे १० किलोबाइट एकदम खाल्ले. त्यातूनच फाइलींऐवजी पिढीच्या आकड्यांवर चालणारी एसबॅटची पद्धत निघाली.

याच क्रमातला मोठा टप्पा २०२६चा आहे. २०११ साली दिलेल्या मूळ प्रमाणपत्रांपैकी केईकेचे आणि 'इतरांसाठीचे' यांची मुदत जून २०२६ची, तर विंडोजच्या बूटलोडरच्या प्रमाणपत्राची ऑक्टोबर २०२६ची. त्यांच्या जागी २०२३ची नवी प्रमाणपत्रे विंडोज अपडेट आणि कंपन्यांच्या फर्मवेअरमार्फत येतात. मुदत संपली म्हणून संगणक सुरू व्हायचा थांबत नाही. पण नवी प्रमाणपत्रे नसलेल्या यंत्राला बूटलोडरच्या पुढच्या सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत आणि त्याची बाद यादीही ताजी राहू शकत नाही.

यातून वर सांगितलेल्या एका उपायाला एक अट जोडावी लागते. 'फॅक्टरी कीज' परत बसवल्या की फर्मवेअर बनले तेव्हाच्या किल्ल्या येतात. जुन्या फर्मवेअरवर त्यात २०२३ची प्रमाणपत्रे नसतात. विंडोजने आपला बूटलोडर नव्या सहीचा केलेला असेल, तर किल्ल्या 'दुरुस्त' केल्याच्या क्षणी संगणक अडतो. म्हणून आधी कंपनीच्या संकेतस्थळावरून, नेमके मॉडेल पाहून, फर्मवेअर अद्ययावत करावे आणि मग किल्ल्यांना हात लावावा. हे काम चालू असताना वीज जाणार नाही याची खात्री हवी. लॅपटॉप चार्जरवर, डेस्कटॉप यूपीएसवर.

सेटिंग नीट करूनही दर काही दिवसांनी ती मूळपदावर जात असतील आणि घड्याळही मागे पडत असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलून पाहावा. आणि कुतूहलापोटी सगळ्या किल्ल्या पुसून फक्त स्वतःच्या बसवण्याचा प्रयोग लॅपटॉपवर करू नये. ग्राफिक्सच्या फर्मवेअरची सही मायक्रोसॉफ्टच्या प्रमाणपत्राखाली असेल, तर पडदाच उजळत नाही आणि चूक सुधारायची वाटही बंद होते.

चालू ठेवण्याचा आग्रह कशासाठी?

सिक्युअर बूट फिशिंगपासून वाचवत नाही, चोरलेला पासवर्ड परत आणत नाही आणि खुद्द फर्मवेअरच बदलले गेले तर त्यालाही ते एकटे पुरे पडत नाही. त्याचे काम एका छोट्या टप्प्यापुरते आहे: फर्मवेअरकडून ऑपरेटिंग सिस्टिमकडे कारभार जाण्याचा. पण त्या टप्प्यात घुसलेल्या मालवेअरला विंडोज नव्याने घालेपर्यंत हटवणे अवघड असते आणि आतल्या संरक्षणाला ते सहज चुकवू शकते. घरच्या एकाच संगणकावर बँकेचे व्यवहार, आधारची कागदपत्रे आणि मुलांचे खेळ चालत असतील, तर हा टप्पा मोकळा सोडणे परवडणारे नाही.

सही देण्याचा अधिकार एका कंपनीकडे एकवटणे योग्य आहे का, हा प्रश्न २०११पासून विचारला जातो आहे आणि तो रास्त आहे. विंडोज ८च्या नियमांत डेस्कटॉप व लॅपटॉपच्या मालकाला सिक्युअर बूट बंद करण्याची मुभा देणे कंपन्यांवर बंधनकारक होते. विंडोज १०पासून ते कंपनीच्या मर्जीवर सोडले गेले. म्हणून नवा लॅपटॉप घेताना प्रोसेसर आणि रॅमबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: स्वतःची किल्ली नोंदवता येते का, आणि फर्मवेअरची अपडेट किती वर्षे मिळणार. दुरुस्तीवाल्याने सिक्युअर बूट बंद करून यंत्र हाती दिले, तर ते कशामुळे बंद करावे लागले आणि परत कधी चालू करता येईल, हेही विचारावे. तपासणीपुरते ते बंद करण्यात गैर काही नाही. काम संपल्यावर ते पुन्हा चालू झाले आहे, हे सिस्टिम इन्फर्मेशनमधल्या त्या ओळीत आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मात्र दुरुस्ती पूर्ण झाली असे समजू नये.